गाठ बसावी आणि हवी तेव्हा सुटावी : दोरगाठी शिकू पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात भाड्याचे घर बदलताना स्वतः सामान बांधणारे, मार्केट यार्डातून दुचाकीच्या मागे पोते बांधून आणणारे, पावसाळ्याच्या तोंडावर गॅलरीला ताडपत्री लावणारे आणि गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या मांडवात हात लावायला जाणारे जे अनेक जण आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. दोर हातात आला की एकावर एक चार-पाच गाठी मारायच्या आणि "आता नाही सुटत" म्हणायचे, ही आपल्यापैकी बहुतेकांची पद्धत असते. मीही कित्येक वर्षे तेच करत होतो.

सदाशिव पेठेतून वडगावला घर हलवताना पुस्तकांचे कपाट मी स्वतः टेम्पोला बांधले. नवाकोरा पिवळा प्लॅस्टिकचा दोर होता आणि त्यावर जोर लावून आवळलेल्या पाच गाठी होत्या. सिंहगड रस्त्यावरच्या एका गतिरोधकावर टेम्पो उसळला, गाठी सरकल्या, कपाट कलले आणि त्याच्या दाराची काच रस्त्यावर पडली. मागे कोणी दुचाकीस्वार नव्हता. दुसऱ्या बाजूच्या गाठी मात्र इतक्या आवळल्या होत्या की कपाट सरळ करण्यासाठी तिथला दोर कापावा लागला. टेम्पोचालक काकांनी गाडी कडेला घेतली आणि शांतपणे म्हणाले, "अहो, आवळली म्हणजे गाठ बसली असं नसतं. नको तेव्हा सुटली आणि हवी तेव्हा सुटेना, तर ती मारून उपयोग काय?" उरलेल्या दोराने त्यांनी एका मिनिटात कपाट बांधले. वडगावला पोचल्यावर त्यांनी दोराचे एक टोक ओढले आणि सगळी बांधणी उलगडून त्यांच्या हातात आली.

त्या दिवशी मला आपल्याच भाषेतले दोन शब्द नव्याने कळले. टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि काही केल्या सुटत नाही ती निरगाठ. गाठीची पारख या दोन शब्दांत आधीच करून ठेवलेली आहे. आपण फक्त ती हातांना शिकवायची असते.

गाठ आपल्याकडे नुसती सामानापुरती कधीच नव्हती. अनंत चतुर्दशीला पूजेतल्या अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात, जानव्याला ब्रह्मगाठ असते, मनाशी खूणगाठ बांधली जाते आणि पाडव्याच्या गुढीला साखरेची गाठी लागते. दक्षिण अमेरिकेतील इंका लोक दोऱ्यांवरच्या गाठींत हिशेब ठेवत. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात, कारण पूर्वी पाण्यात सोडलेल्या दोराच्या किती गाठी ठरावीक वेळात हातातून सरकल्या हे मोजून तो काढला जाई. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. इतक्या जुन्या कौशल्याला आजही ना वीज लागते ना यंत्र, आणि पहिल्यांदा नीट बसलेली गाठ पाहताना होणारा आनंद मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

१. आधी साहित्य जमवा

सरावासाठी पुढील वस्तू पुरतात :

- सुमारे ८ मिलिमीटर जाडीचे, प्रत्येकी दोन मीटर लांबीचे सुती दोराचे दोन तुकडे. शक्य तर वेगवेगळ्या रंगांचे
- त्याहून बारीक दोराचा एक तुकडा
- खुर्चीचा पाय, गॅलरीचा कठडा किंवा जाडसर काठी
- कात्री, मेणबत्ती आणि जाड दोरा

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दोर, सुतळी, काथ्या असे सगळे मिळते. दुकानदाराला "कशासाठी हवा" ते नक्की सांगा, कारण प्रत्येक दोराचा स्वभाव वेगळा असतो. सुती दोर हाताला मऊ लागतो आणि गाठ धरून ठेवतो, म्हणून शिकायला तोच उत्तम. नायलॉन मजबूत असतो, पण ताणला जातो. पिवळा किंवा निळा प्लॅस्टिकचा दोर म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तो स्वस्त आणि हलका असतो, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते आणि उन्हात राहिला की ठिसूळ होतो. काथ्या खरखरीत असतो, त्यामुळे बांबूवर त्याची पकड चांगली बसते.

पहिली चूक इथेच होते : घरात पडलेल्या शिवणाच्या दोऱ्यावर किंवा बुटाच्या चपट्या नाडीवर लोक शिकायला बसतात. गाठीचा आकार डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि तो जाड दोरातच दिसतो.

दोर कापल्यावर टोके उसवतात. नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या दोराचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी धरून वितळवावे. वितळलेला थेंब बोटाने दाबू नये, तो कातडीला चिकटून भाजतो. सुती दोराच्या टोकाला जाड दोऱ्याचे दहा-बारा घट्ट वेढे द्यावेत.

२. चार शब्द पक्के करा

पुढच्या कृती समजण्यासाठी चार शब्द पुरेत. ज्या बाजूवर वजन येणार तो भाराचा दोर. ज्याने आपण गाठ मारतो ते मोकळे टोक. दोर स्वतःला न ओलांडता नुसता परत वळवला की ती दुमड, आणि ओलांडून गोल झाला की ते वेटोळे. शिकताना गोंधळ होतो तो बहुधा दुमड आणि वेटोळे यांतच.

३. रीफ नॉट : जी आपल्याला येते असे वाटते ती

दोन टोके घ्या. उजवे टोक डाव्यावरून नेऊन खालून काढा. आता जे टोक डाव्या हातात आले आहे ते उजव्यावरून नेऊन खालून काढा. थोडक्यात, उजवे डाव्यावर आणि मग डावे उजव्यावर. नीट जमली तर एकमेकांत अडकलेल्या दोन चपट्या दुमडी दिसतात आणि प्रत्येक दोराची दोन्ही अंगे शेजारी-शेजारी, एकाच दिशेने बाहेर पडतात. दोन्ही वेळा उजवे डाव्यावरच नेले तर टोके आडवी बाहेर येतात. इंग्रजीत या चुकलेल्या गाठीला ग्रॅनी म्हणतात. ती कधी सरकते आणि कधी आवळून निरगाठ होते. माझ्या कपाटावरच्या पाचही गाठी याच जातीच्या होत्या.

याचा पडताळा आत्ता तुमच्या बुटावर घ्या. नाडीची सुरगाठ ही मुळात रीफ नॉटच असते. फक्त टोकांऐवजी दुमडी अडकवलेल्या असतात. फुलाच्या दोन पाकळ्या पावलाला आडव्या, डावी-उजवीकडे पसरल्या असतील तर तुमची गाठ बरोबर आहे. त्या बोटांकडून घोट्याकडे अशा उभ्या वळत असतील तर तुम्ही आयुष्यभर ग्रॅनी मारत आला आहात. यावर उपाय सोपा आहे. फुलाची सवय बदलू नका, फक्त त्याआधीची पहिली अर्धी गाठ उलट दिशेने मारा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, चालताना पाऊल जमिनीवर आदळल्याने गाठीचा मध्य सैल होतो आणि हेलकावणारी मोकळी टोके तिला ओढून सोडवतात. त्यांच्या चाचण्यांतही ग्रॅनी पद्धतीने बांधलेली नाडी अधिक लवकर सुटली. माझ्या ओळखीच्या एका आजींनी सत्तरी उलटल्यावर ही एक सवय बदलली, आणि फिरायला गेल्यावर वाटेत वाकून नाडी बांधण्याचा त्यांचा त्रास संपला.

रीफ नॉट सोडण्याची युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते. एका बाजूचे मोकळे टोक आणि त्याच दोराची भाराची बाजू दोन हातांत धरून एकमेकांविरुद्ध झटका द्या. तो दोर सरळ होतो आणि दुसरा त्याच्यावर नुसता गुंडाळलेला उरतो. तो सरकवून काढा. हीच युक्ती या गाठीचा धोकाही दाखवते. टोक चुकून ओढले गेले तर ती आपोआपही अशीच सुटते. म्हणून ती पार्सल, गाठोडे किंवा जखमेवरची पट्टी बांधण्यापुरतीच ठेवावी. वजन घेणारे दोन दोर तिने कधीही जोडू नयेत.

४. खांबाला, कठड्याला आणि गुढीला

खांबाला दोर बांधताना गाठीपेक्षा वेढा अधिक काम करतो. घर्षणाचे गणित असे की प्रत्येक वेढ्याने पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने सुमारे साडेसहा पट, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट ओढ धरता येते. म्हणून दोराला ओढ असेल तेव्हा आधी खांबाला वेढे द्या आणि मग निवांतपणे गाठ मारा.

क्लोव्ह हिच ही इथली पहिली गाठ. दोर काठीभोवती एकदा फिरवा, पहिल्या वेढ्याला तिरका ओलांडून दुसऱ्यांदा फिरवा आणि टोक त्या तिरक्या दोराखालून काढून ओढा. वर एक तिरकी रेघ आणि तिच्याखाली दोन समांतर वेढे दिसले की गाठ बरोबर. झटपट बसते, झटपट सुटते. मात्र काठी गुळगुळीत असेल, फिरत असेल किंवा ओढ सतत हलत असेल तर ती हळूहळू सरकते.

त्यापेक्षा भरवशाची गाठ म्हणजे खांबाला दोन वेढे आणि त्यावर दोन हाफ हिच. दोर खांबाभोवती दोनदा फिरवा, मग टोक भाराच्या दोराभोवती फिरवून स्वतःच्या खालून काढा आणि हेच त्याच दिशेने पुन्हा एकदा करा. नीट पाहिले तर या दोन हाफ हिच मिळून भाराच्या दोरावर क्लोव्ह हिचच तयार झालेली दिसते. तशी दिसली नाही तर दुसरी हाफ हिच उलट दिशेने पडली आहे. कपडे वाळत घालायची दोरी, ताडपत्रीचा कोपरा, झोपाळा नसलेली कोणतीही टांगणी यांना ही गाठ चालते.

गुढीच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक इमारतीत एक चूक दिसते. काठी कठड्याला एकाच ठिकाणी, भरपूर गाठी मारून बांधतात आणि दुपारच्या वाऱ्याने ती त्या एका बिंदूभोवती कलते. काठी दोन ठिकाणी बांधा, एकदा कठड्याच्या वरच्या गजाला आणि एकदा खालच्या. प्रत्येक ठिकाणी आधी काठीला क्लोव्ह हिच मारा, मग काठी आणि गज यांना मिळून तीन-चार वेढे द्या, त्यानंतर काठी आणि गज यांच्या मधल्या फटीतून दोन वेढे आडवे घालून आवळा आणि सुरगाठ मारा. हे मधले आवळणे लोक विसरतात, आणि बांधणीला खरा ताठपणा त्यानेच येतो. मांडवाचे बांबू बांधणारे कामगार काथ्याने हेच करतात. पुढच्या वेळी पेठेतून जाताना दोन मिनिटे थांबून त्यांचे हात पाहा.

५. न आवळणारा फास : बोलाइन

मला एकच गाठ निवडायला सांगितली तर मी बोलाइन निवडेन. तिचा फास कितीही ओढला तरी लहान होत नाही, आणि भार उतरल्यावर ती सहज सुटते. विहिरीत किंवा टाकीत बादली सोडणे, झाडाच्या फांदीला दोर अडकवणे, गुरांच्या गळ्यातले दावे, या सगळ्याला ती योग्य आहे. जनावराच्या गळ्यात सरकता फास कधीही घालू नये. ते बिथरून ओढू लागले की फास आवळत जातो.

भाराचा दोर समोर ताठ धरा. त्यावर एक लहान वेटोळे करा, असे की मोकळ्या टोकाकडचा दोर भाराच्या दोराच्या वर राहील. आता शिबिरांत मुलांना सांगतात ती ससा, बीळ आणि झाडाची गोष्ट आठवा. वेटोळे म्हणजे बीळ, भाराचा दोर म्हणजे झाड आणि मोकळे टोक म्हणजे ससा. ससा बिळातून खालून वर येतो, झाडाच्या मागून वळसा घालतो आणि पुन्हा त्याच बिळात शिरतो. मग टोक आणि फासाचे त्याच्या शेजारचे अंग एका हातात आणि भाराचा दोर दुसऱ्या हातात धरून ओढा.

जमली नाही तर चूक जवळजवळ नेहमी वेटोळ्यातच असते. मोकळ्या टोकाची बाजू खाली गेली असेल तर ससा सगळी कृती अचूक करूनही ओढताच गाठ विस्कटते. अशा वेळी तेच तेच पुन्हा करण्यापेक्षा वेटोळे उलटे करून पाहा. आणखी एक सावधगिरी : ओढ नसताना नुसते हेलकावे बसत राहिले तर बोलाइन सैल होऊ शकते. म्हणून टोक वीतभर लांब ठेवावे आणि फासाच्या जवळच्या अंगाला बांधून टाकावे.

सोडताना झाडाला वळसा घालणारी दुमड अंगठ्याने पुढे ढकला. गाठीची पाठ मोडते आणि ती मोकळी होते.

६. दोन दोर जोडणे : शीट बेंड

जाड दोराची दुमड करा. बारीक दोर दुमडीत खालून वर आणा, दुमडीच्या दोन्ही अंगांना मागून वळसा द्या आणि त्याच्या स्वतःच्याच खालून काढा. पुन्हा दुमडीत घालू नका. जाडीत बराच फरक असेल तर वळसा दोनदा द्या. विणकर तुटलेला धागा जोडताना मारतात त्या गाठीची रचना हीच आहे.

७. सामान बांधणे : टेम्पोवाल्या काकांची बांधणी

एक टोक कॅरिअरच्या किंवा टेम्पोच्या एका बाजूच्या हुकाला दोन वेढे आणि दोन हाफ हिच मारून पक्के करा. दोर सामानावरून दुसऱ्या बाजूला आणा. साधारण कमरेच्या उंचीवर दोरात एक वेटोळे करा आणि त्यातून मोकळ्या टोकाच्या बाजूचा दोर दुमडून खेचा, म्हणजे एक लहान फास तयार होईल. आता त्यात बोट घालून भाराचा दोर ओढून पाहा. फास लहान होता कामा नये. होत असेल तर दुमड चुकीच्या बाजूने खेचली आहे. सोडून पुन्हा करा. ही तपासणी टाळली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मोकळे टोक खालच्या हुकातून घालून वर आणा, फासातून ओवा आणि खाली ओढा. हिशेबाने इथे तिप्पट ओढ मिळायला हवी. दोर दोरावर घासल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळते, तरीही नुसत्या हाताच्या जोरापेक्षा पुष्कळ जास्त. ताण न सोडता फासाजवळ दोर चिमटीत घट्ट धरा आणि फासाखालीच दोन हाफ हिच मारा. दुसरी मारताना टोक पूर्ण न ओढता दुमड अडकवा. हीच ती सुरगाठ. घरी पोचल्यावर टोक ओढायचे, की सगळे मोकळे.

दुचाकीवर सामान बांधताना दोराचे उरलेले टोक गुंडाळून आत खोचा. ते लोंबत राहून चाकात किंवा चेनमध्ये गेल्याने अपघात होतात. अर्धा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबा आणि दोर पुन्हा ताणा, कारण हादऱ्यांनी सामान दबते आणि चांगली बांधणीही सैल पडते. काच, कपाट, गादी यांना एकाच दोराच्या भरवशावर सोडू नका.

८. मारलेली गाठ तपासा

गाठ आवळण्यापूर्वी तिचे दोर एकमेकांवर न चढता नीट शेजारी बसवा, मग एकेक अंग ओढून घट्ट करा. टोक दोराच्या जाडीच्या किमान दहापट बाहेर राहू द्या. कोणतीही गाठ दोराची ताकद कमी करते, हेही ध्यानात असू द्या. दोर जिथे तीव्र वळतो तिथे त्याच्या धाग्यांवर ताण असमान पडतो, आणि साध्या एकेरी गाठीने ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. म्हणून वापराच्या दोरात नको असलेली एखादी गाठ पडली असेल तर तिच्यावर भार येण्याआधी ती सोडा.

सुती दोर आणि सुतळी भिजली की फुगतात, लांबीला आखडतात आणि गाठ आवळतात. जूनमध्ये ताडपत्री बांधताना अशा दोराला थोडी ढील ठेवावी आणि शेवट नेहमी सुरगाठीने करावा. नाहीतर दिवाळीत ती काढायला विळी घ्यावी लागते.

९. सराव कसा करावा

एका आठवड्यात एकच गाठ घ्या. रोज दहा मिनिटे, रोज दहा वेळा मारा आणि दहा वेळा सोडा. समोरासमोर बसून शिकवणाऱ्याचे हात उलटे दिसतात, आणि मोबाइलवरच्या चित्रफितीतही पुष्कळदा तसेच होते. म्हणून शिकवणाऱ्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसावे. हात बसला की डोळे मिटून मारा, मग पाठीमागे हात नेऊन मारा. प्रत्यक्षात गाठ मारावी लागते ती अंधारात, पावसात किंवा एका हाताने सामान धरलेले असताना. मुलांबरोबर सराव करताना गळ्याभोवती दोर घालायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

१०. माणसाचा भार घेणारा दोर

सिंहगडाजवळच्या या शहरात तानाजी आणि कड्यावरच्या दोरांची हकीकत लहानपणापासून ऐकलेली असते, आणि चार गाठी येऊ लागल्या की एखाद्या कड्यावरून उतरावे असे मनात येते. या लेखातल्या माहितीवर ते कृपा करून करू नका. प्रस्तरारोहणाचा दोर वेगळा असतो. आत भार घेणारा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण अशी त्याची रचना असते. तो बोहरी आळीतल्या दोराची जागा घेत नाही आणि तो दोर याची जागा घेत नाही. कमरेच्या पट्ट्याला बांधायची आठच्या आकाराची दुहेरी गाठ, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाणारी पकडगाठ, या गोष्टी प्रशिक्षकाच्या नजरेखालीच शिकाव्यात, आणि मारलेली प्रत्येक गाठ जोडीदाराने तपासल्याशिवाय पाऊल उचलू नये. २०१२ मध्ये एव्हरेस्टवर मोहीम नेणाऱ्या गिरीप्रेमीसारख्या संस्था पुण्यातच आहेत. रीतसर प्रशिक्षणासाठी दूर जावे लागत नाही.

११. दोर आवरून ठेवा

काम झाल्यावर सगळ्या गाठी सोडा, दोर सावलीत वाळवा आणि हातभर लांबीचे सैल वेढे घालून गुंडाळा. गुंडाळताना तो बोटांतून सरकू द्या; उसवलेली, कडक झालेली किंवा एकदम बारीक लागलेली जागा हाताला लगेच कळते. तिथे दोर कापून दोन तुकडे करा आणि दोन्हींची कापलेली टोके सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे उसवू नयेत अशी पक्की करून घ्या. शेवटचे हातभर टोक सगळ्या वेढ्यांभोवती तीन-चारदा फिरवा, त्याची दुमड वरच्या फटीतून काढा आणि दोर खुंटीला अडकवा. पुढच्या वेळी तो गुंता न होता हातात येईल.